३१२ दिवस, आणि पुन्हा शून्य

मला स्वतःला २७ वर्षं फिट्स येताहेत, असं मागच्या अंकात सहज लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग पडला. त्यातली तीन आज घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर फार लांबलंय, बाकीच्या दोघांनी राग मानू नये. आणि मी डॉक्टर नाही. इथलं वाचून कुणी आपापल्या गोळ्या कमीजास्त करू नयेत.

प्रश्न : ताई, माझं वय ३४. पहिली फिट १९व्या वर्षी आली, तेव्हापासून गोळ्या सुरू आहेत. पहिलं औषध भरपूर डोसपर्यंत नेऊनही उपयोग झाला नाही. दुसऱ्यानेही फिट्स थांबल्या नाहीत. गेली ४ वर्षं दुसरं आणि तिसरं मिळून घेतोय. या खेपेला ३१२ दिवस एकही फिट आली नव्हती. मोबाइलवर दिवस मोजत होतो. वर्ष पुरं झालं की काय काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मागच्या मंगळवारी रात्री दात घासता घासता पडलो. जाग आली तेव्हा फरशीवर होतो, ब्रश मुठीत तसाच, जिभेची कड चावलेली आणि उजवा हात नेहमीसारखा अर्धा तास लुळा. बायको उशाशी बसली होती. मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘म्हणजे पुन्हा शून्य?’

एकही गोळी चुकलेली नव्हती. जागरण नाही, दारू तर कधीच सोडली. तरी जो तो विचारतो, ‘टेन्शन घेतलंस का? गोळी विसरलास का?’ डॉक्टर म्हणाले, डोस थोडा वाढवू. १५ वर्षं हेच ऐकतोय. गोळ्या घेऊनही यायचीच असेल तर न घेता येऊ दे, असं वाटायला लागलंय. हा वैताग कुणापुढे काढू?

उत्तर : माझ्यापुढे काढलात, बरं केलंत. पण ‘न घेता येऊ दे’ हे वाचून मला धस्स झालं, म्हणून आधी त्याबद्दल.

गोळ्या बंद करू नका. मी हा मूर्खपणा करून बसले आहे, त्या अधिकाराने सांगते. २६ वर्षांची असताना ऐन मुलाखतीच्या सकाळी मला फिट आली. संध्याकाळी रागाने गोळ्यांची सगळी पाकिटं कपाटावर भिरकावून दिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, काही झालं नाही. उलट डोकं हलकं झालं, इतक्या वर्षांचं धुकं निवळल्यासारखं वाटलं. म्हटलं, बघा, उगाच घेत होते. चौथ्या दिवशी दुपारी ३ ते ६ या वेळात ४ फिट्स आल्या, आणि मधे मी एकदाही पुरती शुद्धीवर आले नाही म्हणे. ‘म्हणे’च लिहावं लागतं, कारण ती दुपार माझ्याकडे नाही. तिच्या आदल्या दिवसाचा बराचसा भागही नाही.

फिट ५ मिनिटांपुढे गेली, किंवा एकीतून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर ती आपण होऊन थांबण्याची शक्यता घटत जाते. अंगभर झटक्यांची फिट अर्ध्या तासापलीकडे चालली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालू औषध एकदम तोडणं हे असं होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. दुसरी एक गोष्ट आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. अपस्मार, म्हणजे हा फिट्सचा आजार, असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुतेकदा झोपेत, आणि शवविच्छेदनातही दुसरं कारण सापडत नाही. अंगभर झटके देणाऱ्या फिट्स जितक्या जास्त, तितका हा धोका जास्त. मला हे आजार सुरू होऊन २० वर्षं झाल्यावर कळलं आणि तेव्हा फार राग आला होता. तुम्हाला आजच सांगून टाकते. ३१२ दिवस त्या गोळ्या काय करत होत्या, ते यावरून लक्षात येईल.

आता ते शून्य.

मीही मोजायची. मोबाइल नव्हता तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज झोपताना तारखेच्या कोपऱ्यात बारीक आकडा. माझा सगळ्यात मोठा आकडा ४०३. चारशेचारावा लिहायचा राहिला. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर उतरवलं, फाडलं आणि वर्षभर त्या खिळ्याला काही अडकवलं नाही. तुमचा मोबाइल आणि माझं कॅलेंडर, दोघांनाही एकच गोष्ट येत होती : शेवटच्या फिटपासून किती दिवस. त्याआधीच्या वर्षी किती आल्या होत्या? पाच की पंधरा? पूर्वी झोपेत यायच्या की जागेपणी? पूर्वी बोलता यायला तास लागायचा, आता किती लागतो? यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. तुम्ही ३१२ दिवसांचं लिहिलंत, पण त्याआधीच्या ३१२ दिवसांत किती आल्या ते मला लिहिलंच नाहीत. मला वाटतं, तुम्हालाही ते चटकन सांगता यायचं नाही.

एडवर्ड लिअर हा १९व्या शतकातला इंग्रज चित्रकार आणि विनोदी कवी. लहानपणापासून त्याला फिट्स यायच्या आणि आयुष्यभर त्याने त्या लोकांपासून लपवल्या. रोजनिशीत मात्र तो फुल्या मारायचा आणि शेजारी आकडा लिहायचा, फिट किती जोराची होती त्याचा. दीडशे वर्षांपूर्वीचा एकटा माणूस, आजच्यासारखी औषधं हाताशी नाहीत, आणि नोंद माझ्या कॅलेंडरपेक्षा शहाणी.

मी वही घातली ती त्यानंतर. तारीख आणि वेळ, झोपेत की जागेपणी, आधी काय जाणवलं, बघणाऱ्याला आधी काय दिसलं, मान कोणत्या बाजूला वळली, किती मिनिटं, सरळ बोलायला किती वेळ. आणि पाळीची तारीख. दीड वर्षाने वही उलटून पाहिली तर १० पैकी ६ फिट्स पाळीच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत आलेल्या. पाळीच्या आधी शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि हे संप्रेरक फिट्सना काहीसं आवरून धरणारं असतं. इतकी वर्षं मी ‘काही कारण नसताना येते’ म्हणत होते. डॉक्टरांनी वही तीन मिनिटं चाळली आणि पूर्वीच्या १० भेटींत विचारलं नव्हतं ते विचारलं.

वहीतून कारण सापडेलच असं मात्र नाही. ‘काय केलंस?’ या प्रश्नाने तुम्ही वैतागला आहात, आणि वैतागणं रास्त आहे. झोप बुडणं, गोळी चुकणं, ताप, दारू आणि काही दुसरी औषधं यांनी फिट यायला निमित्त मिळतं हे खरं. पण सगळं सांभाळूनही येते, कारण ज्या मेंदूत ती उठते त्याची स्वतःची भरती-ओहोटी असते. ज्यांच्या मेंदूत विद्युत-हालचाल महिनोन् महिने नोंदवणारं यंत्र बसवलेलं होतं, अशा रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ही हालचाल दिवसाच्या ठरावीक वेळी वाढतेच, शिवाय बऱ्याच जणांत काही आठवड्यांच्या लयीने चढते-उतरते, आणि चढत्या काळात फिट येण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. त्या मंगळवारी तुमच्याकडून काही चुकलेलं असायलाच हवं असं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘काय करत होतास?’ तर सांगा, दात घासत होतो.

डॉक्टर ‘डोस वाढवू’ म्हणाले, त्याबद्दल मला बरंच म्हणायचं आहे.

ग्लासगोच्या एका दवाखान्यातल्या रुग्णांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी कधीच औषध न घेतलेले ४७० जण होते. त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, आणखी १३ टक्क्यांच्या दुसऱ्याने. तिसरं औषध किंवा दोन औषधं मिळून? फक्त ४ टक्के. त्यानंतर नवी औषधं पुष्कळ आली, तरी हे चित्र फारसं बदललेलं नाही. म्हणून इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवून टाकली. योग्य निवडलेली, पुरेशा डोसमध्ये दिलेली आणि सोसलेली दोन औषधं फिट्स थांबवू शकली नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. ‘थांबल्या’ कधी म्हणायचं, तेही त्यात आहे : १२ महिने, किंवा उपचाराआधी दोन फिट्सच्या मधे गेलेल्या सगळ्यात लांब काळाच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. तुमचे ३१२ दिवस त्यात बसत नाहीत. कडू आहे, ठाऊक आहे मला. पण या व्याख्येचा उपयोग काय, ते बघा. तुम्ही तिच्यात बसता म्हटल्यावर नुसता डोस वाढवत बसणं पुरेसं नाही. तुमची केस अपस्मारावरच काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या केंद्रात एकदा मुळापासून तपासली गेली पाहिजे. डॉक्टरांना सरळ याच शब्दांत विचारा : ‘मी औषधांना दाद न देणाऱ्या गटात येतो का? येत असेन तर मला पुढे कुठे पाठवाल?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावला जात नाही.

तिथे पहिली गोष्ट बघतात ती निदान. फिट्स नेमक्या कोणत्या जातीच्या? औषध चुकीच्या जातीसाठी दिलं तर ते लागू पडत नाहीच, कधी उलट बाधतं. कार्बामाझेपिन एका जागेवरून उठणाऱ्या फिट्सवर उत्तम चालतं, तर काही प्रकारांत झटके वाढवून ठेवतं. कधी असंही निघतं की हे झटके अपस्माराचे नव्हतेच, मनावरच्या आघाताने शरीर तसं वागत होतं. ते नाटक नसतं आणि त्यावरही उपचार आहेत, पण ते या गोळ्यांनी होत नाहीत.

आणि तुमचा तो लुळा पडणारा हात! तुम्ही ‘नेहमीसारखा’ असं एका शब्दात उरकलंत. रॉबर्ट बेंटली टॉड या डॉक्टरने १८४९ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही टॉडचंच नाव आहे. फिटनंतर एक बाजू काही मिनिटं किंवा काही तास दुबळी होते आणि परत येते. तुमचा दर वेळी उजवाच हात लुळा पडतो, म्हणजे फिट मेंदूच्या डाव्या बाजूच्या एखाद्या ठिकाणाहून उठत असण्याचा हा भक्कम दुवा आहे. डॉक्टरांना हे कधी सांगितलंत का? की फिट ओसरली, हात सुटला, विषय संपला? (कुणाचा हात आयुष्यात पहिल्यांदाच असा पडला असेल तर मात्र थांबू नये, ताबडतोब दाखवावं. तो पक्षाघातही असू शकतो.)

एकाच ठिकाणाहून उठणारी फिट असली आणि ते ठिकाण नेमकं सापडलं, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. हा शब्द ऐकून पळू नका. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून फिट्स उठणाऱ्या ८० जणांवर कॅनडात चाचणी झाली आणि २००१ साली प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर, शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक मोकळे होते, नुसत्या औषधांवरच्या गटातले ८ टक्के.

माझीही ही तपासणी झाली आहे. व्हिडिओ-ईईजी, म्हणजे मेंदूतली विद्युत-हालचाल आणि फिटचं चित्रण एकाच वेळी नोंदवणं. डोक्याला २०-२५ वायरी डिंकासारख्या कशाने तरी चिकटवतात, वर पट्टी बांधतात, समोर कॅमेरा, आणि मग वाट बघायची. फिटची! औषध त्यांच्या देखरेखीखाली कमी करतात, रात्री मुद्दाम जागवतात. आयुष्यभर जी येऊ नये म्हणून जीव टांगणीला लावला, ती यावी म्हणून मी पलंगावर बसून होते, आणि ती येईना. पहिली रात्र कोरडी, दुसरी, तिसरी. शेजारच्या पलंगावरच्या आजींना एका दिवसात दोन आल्या तेव्हा मला त्यांचा चक्क हेवा वाटला. चौथ्या पहाटे पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं, जळक्या रबराचा वास आला, आणि ही खोली, हा उजेड, हे सगळं पूर्वी होऊन गेलंय अशी माझी ती जुनी, खात्रीची जाणीव. बटण दाबलं. नर्स धावत आली. ‘हा शब्द लक्षात ठेवा : निळं कुलूप,’ असं ती म्हणाल्याचं मला नंतर कळलं. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, कोणता शब्द दिला होता? मी म्हटलं, कधी?

दुपारी डॉक्टरांनी चित्रण दाखवलं. माझी फिट मी पहिल्यांदा पाहिली. २० वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवरून तिचा अंदाज बांधत आले होते, आणि मनातलं चित्र फार भयानक होतं. पडद्यावर एक बाई होती. ती ओठांची चाळवाचाळव करत होती, आणि उजव्या हाताने चादरीचा काठ चिमटीत धरून पुन्हा पुन्हा दुमडत होती, शिवणाची घडी घालावी तशी, अगदी मन लावून. १ मिनिट ४० सेकंद. मग मान वळली आणि झटके सुरू झाले, तिथे मी बंद करा म्हटलं. पण ती चादर दुमडणारी बाई मला आवडली. तिचा राग करणं अवघड गेलं.

शस्त्रक्रिया मात्र झाली नाही. माझ्या फिट्स दोन्ही बाजूंनी उठतात असं निघालं आणि तो रस्ता बंद झाला. घरी येऊन दोन दिवस केसांतला डिंक सोडवत रडले. पण त्या तपासणीतून औषधांची जोडी बदलली, आणि वर्षाला १४-१५ यायच्या त्या आता ३-४ येतात. थांबलेल्या नाहीत. परवाच एक येऊन गेली, म्हणून हा मजकूर संपादकांना दोन दिवस उशिरा पोचतोय. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांच्यासाठी मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला ठरावीक वेळाने सौम्य विद्युत-स्पंदन देणारं यंत्र असतं, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा कीटोजेनिक आहार असतो. हे सगळं तज्ज्ञांच्या हाताखालीच. त्यांतलं काही तुमच्या कामाचं आहे का, ते तपासल्यावर ठरेल.

शेवटी चिडचिडीबद्दल. दोन गोष्टी वेगळ्या करा. १५ वर्षांनी माणूस वैतागणार, हे उघड आहे. पण यातल्या काही औषधांनीही चिडचिड होते, लेव्हेटिरासिटाम त्याबद्दल चांगलंच कुप्रसिद्ध आहे. तुमच्या पत्रात औषधांची नावं नाहीत. तिसरं औषध सुरू झाल्यापासून बायकोला तुमच्यात फरक वाटला का, तिलाच विचारा, तुम्हाला स्वतःला कळणार नाही. आणि अपस्मारासोबत नैराश्य इतक्यांना येतं की ते आजाराचाच भाग समजून डॉक्टरांनी विचारायला हवं. ते विचारत नसतील तर तुम्ही सांगा. ‘येऊ दे’च्या पुढे ‘जगून काय करायचं’ असा विचार येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा.

वर्ष पुरं झाल्यावर काय काय करायचं ठरवलं होतंत, ते मला कळवा. त्यातल्या ज्या गोष्टीत तुमचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात येत नाही, ती वर्षासाठी अडवून ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. गाडी चालवणं असेल तर मात्र थांबावंच लागेल.

प्रश्न : ताई, मी १६ वर्षांची आहे. मला दोन-तीन महिन्यांनी फिट येते. आई मला बाथरूमची कडी लावू देत नाही आणि अंघोळ होईपर्यंत बाहेर उभी राहून दर मिनिटाला हाक मारते. मला याची फिटपेक्षा जास्त लाज वाटते. तिला समजवाल का?

उत्तर : अर्धं समजवते. कडीच्या बाबतीत ती बरोबर आहे. फिट येणाऱ्याला पाण्याचा धोका इतरांपेक्षा खूपच जास्त असतो. बुडायला खोल पाणी लागत नाही, आणि दार फोडायला लागणारी दोन मिनिटं फार मोठी असतात. पण हाका मारणं बंद व्हायला हवं, ते माझ्या नावावर सांग.

माझ्या बाथरूमला कडी नाही. दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवते, एका बाजूला ‘आत आहे’, दुसऱ्या बाजूला ‘मोकळं’. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून घेतलं, म्हणजे आत कुणी दाराला टेकून पडलं तरी उघडता येतं. पाणी साठवलेल्या टबात कधीच बसायचं नाही. शॉवरखाली किंवा तांब्याने, शक्यतो बसून, आणि पाणी कोमटच, कारण शुद्ध नसताना गरम पाण्याने भाजतं. आणि मी आत गाते. सूर बरा नाही, पण गाणं थांबलं की घरात कान टवकारले जातात. त्यामुळे हाकांची गरज उरत नाही. ओळ विसरले म्हणून थांबले तर आतूनच ‘विसरले’ असं ओरडते.

लाज वाटते म्हणालीस, ती कशाची हे मी ओळखते. फिटमध्ये आपण नसतो, हाका मात्र आपल्याला ऐकू येतात. आईला हा परिच्छेद वाचायला दे. तिने बाहेर उभं राहण्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला फिट आल्यावर काय करायचं ते शिकवावं, आणि घरी वापरायचं तातडीचं औषध तुझ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय का ते विचारावं.

जाता जाता, तुझ्या गोळीचं नाव तू लिहिलेलं नाहीस. ती व्हॅल्प्रोएट असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचार. गरोदरपणात हे औषध चालू असलं तर १०० पैकी साधारण १० बाळांमध्ये जन्मजात दोष राहतो, आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-शिकण्यावर परिणाम होतो. तुला हे आज फार लांबचं वाटेल. पण औषध बदलायला वेळ लागतो, म्हणून मुलींच्या बाबतीत हा विषय लवकर काढलेला बरा. बदल होईपर्यंत आहे ती गोळी घेत राहायची, मनाने सोडायची नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याला फिट येते. दातखीळ बसली की तोंडात चमचा घालावा, नाहीतर जीभ गिळली जाते, असं ऐकलंय. खरं आहे का?

उत्तर : नाही. जीभ गिळली जात नाही, ती खालून जोडलेली असते. चावली जाते, पण चार-आठ दिवसांत भरून येते. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरू नका. टेबल-खुर्ची बाजूला सारा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा आणि घड्याळ बघा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. फिट ५ मिनिटांच्या वर गेली, लागोपाठ दुसरी आली, पाण्यात आली, मार लागला, श्वास नीट सुरू झाला नाही किंवा आयुष्यातली पहिलीच असली तर अँब्युलन्स. एरवी शेजारी बसून राहा. शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला असतो, त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नका. तो कुठे आहे आणि काय झालं, एवढं हळू आवाजात सांगा. आणि सहकाऱ्याला चांगल्या दिवशी विचारून ठेवा, तुला आली तर आम्ही काय करावं.

माझ्या पहिल्या नोकरीत एका भल्या माणसाने माझ्या तोंडात चमचा घातला होता. समोरच्या दाताचा टवका उडाला. तो आता निवृत्त झालाय, पण भेटला की आधी माझ्या दाताकडे बघतो.